जेडचा पग झाला, त्याची गोष्ट

एखाद्या साइटवर लॉगिन केलं की वर तुमचं नाव झळकतं. ते तिथे कोणी बसून टाइप करत नाही. लग्नपत्रिका आठवा. मजकूर एकदाच छापतात, 'श्री.'पुढची जागा मोकळी सोडतात आणि मग घरची मंडळी एकेक नाव भरत बसतात. वेबवर ती छापील पत्रिका म्हणजे टेम्पलेट, आणि नावं भरणारा म्हणजे टेम्पलेट इंजिन.

२००९ साली रायन डालने नोड.जेएस आणलं आणि सर्व्हरवर जावास्क्रिप्ट लिहिण्याची लाटच आली. पाठोपाठ टीजे होलोवायचुक या प्रोग्रामरने एक्सप्रेस हे फ्रेमवर्क लिहिलं. त्यात इंजिनची सक्ती नव्हती. टेम्पलेटचा फोल्डर कुठला ते सांगा, इंजिनचं नाव सांगा, आणि रेंडर म्हणताना माहिती हातात द्या. झालं काम!

याच टीजेने जेड नावाचं इंजिनही लिहिलं. प्रेरणा रुबीच्या जगातल्या हॅमलची. टोकदार कंस नाहीत, टॅग बंद करायची कटकट नाही. काय कशाच्या आत आहे, ते ओळीआधीच्या मोकळ्या जागेवरून ठरतं. काहींना हे जाम आवडलं. काहींना मात्र एक स्पेस चुकली की पान बिघडतं याचा वैताग आला. ते ईजेएस किंवा हँडलबार्सकडे वळले. पण एक्सप्रेसचा प्रोजेक्ट उभा करून देणारा जनरेटर, तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही, तर जेडच द्यायचा.

२०१४मध्ये टीजे नोड सोडून गो भाषेकडे गेला. जेड इतरांनी सांभाळलं. मग कळलं, की 'जेड' हा कोणाचातरी नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. नाव बदलणं भाग पडलं, आणि जेडचं झालं पग.

तुम्ही म्हणाल, नावच तर बदललं! पण पुढचं ऐका. २०२१मध्ये पगमध्ये एक फट सापडली. बाहेरच्या माणसाने पाठवलेली माहिती एका ठरावीक सेटिंगपर्यंत पोचली, तर त्याचा कोड थेट सर्व्हरवर चालू शकत होता. ३.०.१ या आवृत्तीत ती बुजवली. अशा दुरुस्त्या पगला मिळतात. जेड नावाचं जुनं पॅकेज अजून डाउनलोड होतं, पण त्याच्याकडे बघायला कोणी नाही. दारावर पाटी आहे, आत कोणी राहत नाही, अशी गत.

आणि जुन्या ट्युटोरियलमध्ये अजून तीच पाटी आहे. मला या गोष्टीतलं हेच महत्त्वाचं वाटतं. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर जिवंत राहतं ते सांभाळणाऱ्या माणसांमुळे, आणि ती माणसं नवीन नावाकडे गेली की जुनं नाव नुसतं टरफल उरतं.

तेव्हा इन्स्टॉल करताना पॅकेज बंद झाल्याची सूचना आली, तर ती वरवर सरकवू नका. वाचा. नवीन नाव बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं. भेटू पुढच्या भागात!