वर्धेच्या खोऱ्यातले संत्रे



इतिहासावर बोलावयास मला बोलाविले याचे तुमच्याइतकेच मलाही नवल वाटते. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामांत, हमालांच्या सभांत आणि रात्री वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु संत्र्याच्या पेट्या मी अनेक वर्षे खांद्यावर वाहिल्या आहेत. तेवढ्या अधिकारावर चार गोष्टी सांगतो.

संत्र्याचा इतिहास आपण नागपूरकर एका वाक्यात आटोपतो. रघुजीराजे भोसल्यांनी अठराव्या शतकात औरंगाबादेहून रोपे आणविली आणि आपल्या बागेत लाविली. परंपरा अशी सांगते, आणि ती नाकारण्याचे मला कारण नाही. पुष्कळ लोक संत्रे हा शब्द पोर्तुगालातल्या सिंत्रा गावावरून आला असे मानतात. पण बाबरानेही आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानची फळे सांगताना ‘संगतरा’ नोंदविला आहे, तेव्हा हा वाद पंडितांवर सोपवू. माझी अडचण निराळी आहे. राजाच्या बागेतले झाड शंभर मैलांच्या खोऱ्यात कसे पसरले? कोणी पसरविले? विहिरी कोणी खणल्या?

हे विचारीत मी गेल्या पौषात वरुडकडे गेलो. आमच्या संघटनेतल्या एका माथाडी कामगाराचे गाव तिकडे आहे. त्याचा थोरला भाऊ बगीचा करतो. काटोल, जलालखेडा अशी वाट. जलालखेड्यापुढे वर्धा ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. मुलताईकडून येणारे हे पात्र हिवाळ्यातही फार मोठे दिसत नाही, पण या पाण्याने राज्ये वेगळी केली आहेत. 1803 च्या देवगावच्या तहाने नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले, आणि नागपूरचे राज्यही खालसा झाले. दोन्ही काठ पन्नास वर्षांनी पुन्हा एका धन्याखाली आले, इतकेच. शेतकऱ्याच्या सारापट्टीवर नाव बदलले असेल, सारा थोडाच थांबला!

पुढे 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरला कापूस मिळेना, आणि वऱ्हाडची काळी माती सोन्याच्या भावाला आली. मला वाटते, इथे बाजार दूरवरच्या घटनेवर चढतो हे त्या पिढीने तेव्हाच पाहून घेतले. संत्र्याला मात्र दोन गोष्टी लागत होत्या: बारमाही पाणी आणि आगगाडी. नागपूर-इटारसी मार्ग 1920 नंतरच्या दशकात पुरा झाला. काटोल-नरखेड त्याच मार्गावर आहेत, म्हणजे फळ न कुजता दिल्लीला जाण्याची सोय झाली.

पाण्याची सोय माणसांनी केली. दादांनी मला आपली जुनी विहीर दाखविली. दगडाने बांधलेली, काठावर मोटेच्या चाकाची खूण. आजोबांच्या वेळी खणणारे मजूर महिनोन्महिने तिथेच राहत होते, असे ते म्हणाले. त्यांची नावे? दादा हसले. ‘‘भाऊ, विहिरीले मालकाचंच नाव लागते.’’ मी वहीत तेवढेच लिहून घेतले.

आता थोडे झाडाविषयी, कारण शहरात पुष्कळांना हे ठाऊक नसते. संत्र्याची कलम बहुधा जंबेरीच्या खुंटावर बांधतात. मुळे जंबेरीची, वर डोळा भरलेला संत्र्याचा. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिका याच कामासाठी प्रसिद्ध आहेत. फळाला दोन बहर: आंबिया आणि मृग. आंबियासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतात. पाने सुकत, मिटत येतात, त्याला ‘ताण देणे’ म्हणतात. मग पाणी सोडले की फूल येते. ‘‘झाड उपाशी ठेवल्याबिगर फुलत नाही,’’ असे दादा म्हणाले, आणि मी जरा गप्प झालो. हेच तत्त्वज्ञान मजुरीबद्दल ऐकून आमच्या अर्ध्या चळवळीचे आयुष्य गेले आहे! पण झाडाच्या बाबतीत ते खरे आहे, हे मान्य केले पाहिजे.

या व्यवहारात बगीचेवाल्याहून खाली आणखी एक थर आहे. व्यापारी पिकण्यापूर्वीच बगीचा ठरवून इसार देतो. तोडणारी टोळी, निवडणाऱ्या बाया, पेटी भरणारे, उचलणारे हे त्याच्या हिशेबातले शेवटचे नाव. माथाडी कायदा 1969 चा आहे, पण शेताच्या बांधावर तो फार क्वचित पोहोचलेला मी पाहिला आहे. दादांना मी हे बोलून दाखविले. ते रागावले नाहीत. ‘‘भाऊ, मजुराले देतो तेवढंच बी मले उरत नाही,’’ म्हणाले. यात किती सत्य आणि किती सवय हे मी ठरवू शकलो नाही.

खरी गोष्ट संध्याकाळी कळली. दादांच्या बगीचात तीनशे झाडे, त्यातली पंचवीस वर्षांची. वरुड-मोर्शी भागात भूजलाचा उपसा पुनर्भरणाहून इतका वाढला की सरकारी मोजणीत हा प्रदेश ‘अतिशोषित’ ठरला. मोट गेली, इंजिन आले, मग वीज, मग बोअर. प्रत्येक पायरीवर पाणी खाली गेले. नव्वदीत पुरा झालेला अप्पर वर्धा प्रकल्प जवळ मोर्शीलाच आहे, पण त्याचे पाणी या उंच भागाकडे चढत नाही. दादांनी एक बोअर कोरडा गेल्याचे सांगितले. आता निम्मी झाडे तोडून उरलेल्या पाण्यावर निम्मी वाचवायची की सगळ्यांवर जुगार खेळायचा, हा प्रश्न होता. तोडावयाच्या झाडांना त्यांनी चुन्याचे बोट लाविले होते. मी मोजली. एकशे अडतीस.

परतताना मी वळसा घेऊन आष्टीला थांबलो. 16 ऑगस्ट 1942 रोजी तिथे गोळीबार झाला, शेतकरी-मजुरांची पोरे पडली. त्यांची नावे दगडावर आहेत, म्हणून ती आपल्याला वाचता येतात. विहिरीच्या दगडावर कोणाचे नाव नव्हते, हे तिथे उभा असताना माझ्या मनात आले.

या व्याख्यानाआधी मी दादांना फोन केला. एकशे बासष्ट झाडांचा ताण तोडला, ती फुलली आहेत. चुन्याची खूण असलेली अजून उभीच आहेत. कुऱ्हाडीला माणूस मिळत नाही, असे ते म्हणाले. फोन ठेवताना त्यांच्या मागे मुलांचा गलका ऐकू येत होता, आणि कोणीतरी पंप बंद करा म्हणून ओरडत होते.