डाग व चेहरा: मोगली दक्षिणेंतील कागदी स्वार

मोगली दक्षिणेचीं हजिरीपत्रें ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्या गृहस्थांस आमची एक विनंति आहे. पत्रांत नोंदलेले स्वार तितकेच्या तितके रणांत उभे होते, असें त्यांनीं एकदम धरूं नये.

'अर्ज-ओ-चेहरा' नांवाच्या या पत्रांत शिपायाचें व त्याच्या बापाचें नांव येतें. मग गंदुम-रंग, फराख पेशानी, कुशादा अब्रू, मेश-चश्म, बुलंद बीनी असें वर्णन, तीळ, देवीचे वण, जखमा. पुढें घोड्याचा रंग व डाग. (मराठींत 'चेहरेपट्टी' म्हणजे मूळ असाच वर्णनाचा कागद, आज तो शब्द केवळ मुखावर उरला.) इतका बारकावा कशासाठीं? माणूस खरा पण घोडा उसना, किंवा घोडा एक व हजिऱ्या दोन, असे प्रकार चालत म्हणून. डागानें घोडा बांधला जाई, चेहऱ्यानें माणूस.

अकबरानें १५७३-७४ च्या सुमारास डागाची पद्धति सक्तीनें चालू केली. तेव्हांच अमीरांनीं आपल्या चाकरांस शिपायांचे कपडे चढवून हजिरीस उभें केलें, असें बदाऊनी सांगतो. विणकर, पिंजारी, सुतार, भाजीविके हेही उसन्या घोड्यांवर येऊन डाग घेऊन गेले. बदाऊनी बादशहावर रुष्ट होता हें ध्यानांत ठेवलें, तरी ही हकीकत सर्वस्वीं रचलेली आम्हांस वाटत नाहीं.

परंतु येथेंच अभ्यासक एक चूक करतात. मनसबीचा आंकडा व हजर स्वार यांत अंतर दिसलें, कीं लगेच लबाडी म्हणतात. शहाजहानच्या नियमानें, जहागीर चाकरीच्याच सुभ्यांत असेल तर स्वार-मनसबीचा तिसरा हिस्सा व बाहेर असेल तर चौथा हिस्सा हजर ठेवावयाचा असे. म्हणजे ३००० स्वारांच्या मनसबदाराकडून कायद्यानेंच १००० किंवा ७५० मागितले जात. उरलेले स्वार सरकारच्या संमतीनेंच कागदावर राहिले. त्यांस चोरी म्हणणें अन्याय होय. चोरी मोजावयाची ती या हिश्शाच्याही खालीं.

ती दक्षिणेंत बळावण्यास कारण होतें. १६५३ मध्यें औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार होऊन आला व मलिक अंबरच्या खडकीस (आजचें छत्रपति संभाजीनगर) त्याचें नांव मिळालें. त्या काळीं येथील जहागिरींचा वसूल कागदी जमेच्या पुष्कळच खालीं होता. कागदी जमेवर कागदी स्वारच पोसले जाणार! भीमसेन सक्सेना हा बाळपणापासून औरंगाबादेंत वाढलेला व हजिरी-डागाच्या खात्यांत कारकुनी केलेला गृहस्थ. 'नुस्खा-ए-दिलकुशा' या त्याच्या ग्रंथांत मनसबदारांच्या तुटपुंज्या जहागिरी व अपुरे स्वार यांविषयीं जें येतें, तें आम्ही आंतल्या माणसाची साक्ष मानतों.

राहिली विनंति. हजिरी कोणीं व केव्हां तपासली, हें पुष्कळदां पाठीवरील शेऱ्यांवरून कळतें. शिक्का सुंदर दिसावा म्हणून एका संग्राहकानें असें पत्र जाड कागदावर डकवून चौकटींत बसविलेलें आम्हीं पाहिलें. पुढील बाजूचे स्वार तेथें दिमाखानें उभे आहेत. ते खरे कीं उसने, हें सांगणारी पाठ खळीखालीं गेली. पत्र कितीही जीर्ण असो, पाठ उतरून घेतल्यावांचून तें कोणीही डकवूं नये.