रेंजफाइंडर कॅमेरे आणि फ्लॅशचा कालमेळ : जोडसाधनांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
छायाचित्रणाच्या इतिहासात कॅमेरा व भिंग यांवर विपुल लेखन झाले आहे. त्या तुलनेत कॅमेऱ्याला बाहेरून जोडल्या जाणाऱ्या लहान साधनांकडे दुर्लक्ष झालेले दिसते. शटर उघडण्याचा क्षण आणि फ्लॅशचा प्रकाश यांचा कालमेळ, म्हणजेच फ्लॅश सिंक्रोनायझेशन, साधणारी जोडसाधने याच उपेक्षित वर्गात मोडतात. लायका व कॉन्टॅक्स या जर्मन रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या संदर्भात या साधनांचे ऐतिहासिक महत्त्व तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :
१८८७ मध्ये मिटे व गेडिके यांनी मॅग्नेशियमयुक्त ज्वालाग्राही भुकटी प्रचारात आणली. भुकटीच्या काळात छायाचित्रकार भिंग उघडे ठेवी, भुकटी पेटवी आणि मग भिंग झाकी. त्यामुळे काटेकोर कालमेळाची गरजच नव्हती. १९२९ मध्ये जर्मनीत ‘व्हाकुब्लिट्झ’ हा फ्लॅश बल्ब बाजारात आला. धूर व आगीचा धोका टळला आणि विजेच्या संपर्काने प्रकाश निर्माण करता येऊ लागला. याच सुमारास लहान कॅमेऱ्यांचे युग सुरू झाले होते. ऑस्कर बार्नाक यांनी घडविलेला लायका १९२५ मध्ये विक्रीस आला, तर १९३२ मध्ये लायका २ आणि झाइस इकॉनचा कॉन्टॅक्स हे भिंगाशी संलग्न रेंजफाइंडर असलेले कॅमेरे अवतरले. मात्र फ्लॅशसाठी विद्युत संपर्काची सोय त्यांत नव्हती.

समस्येचे स्वरूप :
लायकाचे शटर कापडी पडद्यांचे होते. वेग जास्त असताना २४ × ३६ मि.मी.ची चौकट कधीच एकाच वेळी पूर्ण उघडी नसे; दोन पडद्यांमधील फट चौकटीवरून सरकत जाई. उलटपक्षी, बल्बला पूर्ण तेजस्वी होण्यास काही मिलिसेकंद लागत. म्हणून बल्ब आधी पेटणे आणि पडदा नंतर उघडणे आवश्यक होते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचे गणित याहून भिन्न. त्याचा प्रकाश क्षणार्धात विझत असल्याने पहिला पडदा पूर्ण उघडल्यानंतरच तो पडणे आवश्यक होते. अन्यथा चित्राचा एखादाच पट्टा उजळे आणि उरलेला भाग काळा राही.

जोडसाधनांची भूमिका :
या अडचणीवर बाहेरून तोडगा शोधण्यात आला. जुन्या लायकाची वेगदर्शक चकती शटर सुटताना स्वतः फिरत असे. या गतीचा उपयोग करून विद्युत संपर्क साधणारी साधने कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसविली जात. यंत्राच्या रचनेत नसलेले कार्य त्याच्याच हालचालीतून करवून घेणे, हे या साधनांचे वैशिष्ट्य होय.

१९५० मध्ये आलेल्या लायका ३-एफ मध्ये कालमेळाची व्यवस्था प्रथमच अंगभूत झाली. वेगाच्या चकतीखाली ० ते २० अंकांची दुसरी चकती देण्यात आली. बल्बचा प्रकार आणि शटरचा वेग पाहून तक्त्यानुसार योग्य अंक लावावा लागे. लायट्झच्या कारखान्यात जुन्या लायकांतही ही सोय बसवून मिळत असे. कॉन्टॅक्स २-ए च्या आरंभीच्या आवृत्तीत मात्र कॅमेऱ्यावर केवळ सरकणारी दांडी होती. प्रत्यक्ष विद्युत संपर्क खास केबलच्या टोकात होता. बल्ब व इलेक्ट्रॉनिक फ्लॅश यांसाठी वेगवेगळ्या केबल लागत. साहजिकच, केबल हरवली की सुस्थितीतील कॅमेराही फ्लॅशच्या दृष्टीने निरुपयोगी ठरे.

१९५४ च्या लायका एम-३ मध्ये बल्ब व इलेक्ट्रॉनिक फ्लॅश यांसाठी दोन स्वतंत्र जोडण्या आल्या. १९५७ च्या लायका ३-जी मधून अंकांची चकती नाहीशी झाली. छायाचित्रकाराने करावयाचा हिशेब आता यंत्र स्वतः करू लागले. १९७१ च्या लायका एम-५ मध्ये माथ्यावरील शूमध्येच विद्युत संपर्क आला आणि केबलची अपरिहार्यताही संपली.

येथे एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. तंत्र उपलब्ध होताच सर्वांनी ते स्वीकारले, असे घडले नाही. लायकाचे ख्यातनाम उपासक आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी उपलब्ध प्रकाशातच काम करणे पसंत केले. ज्या कॅमेऱ्याची ख्याती नकळत टिपण्याची, त्याला लखलखाट विसंगत वाटणे स्वाभाविक होते.

निष्कर्ष :
कॅमेरा आणि बल्ब हे दोन स्वतंत्र उद्योगांचे पदार्थ होते व त्यांच्या काळाची मापे भिन्न होती. त्यांतील अंतर प्रथम जोडसाधनांनी भरून काढले. पुढे तेच कार्य यंत्रात सामावले गेले. आज संग्रहालयांत व खासगी संग्रहांत कॅमेरे जपले जातात, परंतु केबल, तक्ते व संपर्कसाधने किरकोळ समजून सहज टाकून दिली जातात. ती नष्ट झाल्यास त्या काळी अंधारातील छायाचित्र प्रत्यक्षात कसे घेतले जाई, याचा वस्तुरूप पुरावाच नाहीसा होतो. म्हणून यंत्राबरोबर त्याच्या जोडसाधनांचेही जतन व नोंद होणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.