सात किलोंची मर्यादा आणि दसऱ्याचा जाबिता

१/
स्वस्त दराच्या विमानप्रवासात पाठपिशवी काट्यावर चढते. भारतातील बहुतेक विमान कंपन्यांची केबिन सामानाची मर्यादा ७ किलोंची. काटा पुढे सरकला, की पैसे भरा, नाहीतर पिशवीतले जाकीट काढून अंगावर चढवा. सामानाची अशी झडती सतराव्या शतकातील मराठी लष्करातही होत असे, आणि तीही जाताना-येताना दोन्ही वेळा. तिची ही हकिकत. सुरुवात पोलादपूर तालुक्यातील कुडपणपासून.

२/
रायगड, रत्नागिरी आणि सातारा या तीन जिल्ह्यांच्या सीमा जिथे जवळ येतात, तिथे सह्याद्रीच्या अंगावर कुडपण वसले आहे. शेलारमामांचे गाव ही त्याची ओळख. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठही याच तालुक्यात. हा सारा जुन्या जावळीचा परिसर. दाट रान, अरुंद वाटा, आणि माल चढायचा तो बैलाच्या पाठीवरून किंवा माणसाच्या डोक्यावरून. गाडीच्या चाकाला इथल्या घाटांत वाव नव्हता.

३/
अशा मुलुखात १६५९ साली अफजलखान उतरला. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली त्याचा वध झाला आणि पारच्या खोऱ्यातील त्याची फौज मोडली. हाती लागलेल्या मालाची यादी सभासद बखर देते: ६५ हत्ती, ४००० घोडे, १२०० उंट, कापडाची २००० ओझी. आकडे बखरीचे आहेत, तेव्हा ते तंतोतंत धरण्याचे कारण नाही. पण जावळीच्या रानात शेकडो उंट! मैदानात जे वैभव शोभते, तेच इथे पळणाऱ्याच्या वाटेत आडवे येते.

४/
पंधरा महिन्यांनी, २ फेब्रुवारी १६६१ रोजी, उंबरखिंडीत तेच घडले. शायिस्ताखानाने कोकणात धाडलेला कारतलबखान सामानसुमानासह खिंडीत अडकला. पुढची वाट बंद, मागचीही बंद. अखेर रायबागनच्या सल्ल्याने त्याने शरण येऊन जवळचे सारे तिथेच टाकले, तेव्हा वाट मिळाली.

५/
मोगलांच्या दृष्टीने मात्र यात गैर काही नव्हते. छावणी म्हणजे चालते शहर, आणि तिचा थाट हाच सत्तेचा पुरावा. १६६४ च्या अखेरीस औरंगजेब दिल्लीहून काश्मीरकडे निघाला तेव्हा फ्रेंच वैद्य बर्निये सोबत होता. बादशहाच्या डेऱ्यांचे दोन संच असत. एक वापरात, दुसरा पुढच्या मुक्कामी आधीच उभा. त्यांतील एका संचासाठी ६० हून अधिक हत्ती, २०० उंट, १०० खेचरे आणि १०० हमाल लागत, असे तो नोंदवतो. हे केवळ डेऱ्यांचे ओझे.

६/
याउलट मराठी फौज हलकी, चपळ. का? शाळेपासून मिळणारे उत्तर ठरलेले असते: मावळा काटक, त्याला भाकरी-कांदा पुरे. उत्तर गोड आहे, पण अपुरे. साधेपणा हा स्वभाव असता, तर त्यासाठी कडक कायदा करावा लागला नसता. आणि कायदा तर होता.

७/
कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीत बसून लिहिलेल्या बखरीत तो सविस्तर आला आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीस यावे. दसऱ्याला कूच करावे. निघताना लहान-थोर प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंचा जाबिता, म्हणजे यादी, करावी. आठ महिने परमुलखात काढावे. परतल्यावर पुन्हा झडती घ्यावी, यादी ताडून पाहावी आणि जास्तीचे निघेल ते हिशेबात धरावे. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण नसावी. ठेवील त्याला देहान्त शासन. शिक्षा भयंकर आहे, आणि तशी ती ठेवावी लागली यावरूनच मोह किती होता हे कळते.

८/
एक बारकावा पाहण्याजोगा आहे. दर २५ बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे पाणी आणि घोड्याचे नाल ही ज्याने-त्याने वाहायची ओझी नव्हती. ती वाटून घेतलेली होती. हलके होण्याची खरी युक्ती इथे दिसते. गरज कमी केलेली नाही, ती पंचवीस जणांत विभागली आहे.

९/
या झडतीचा मूळ हेतू प्रामाणिकपणे सांगायला हवा. लूट परस्पर गडप होऊ नये, ती सरकारात जमा व्हावी, यासाठी ती होती. चपळाई हा तिचा आनुषंगिक लाभ. परतल्यावर जे ठेवता येणार नाही, ते आठ महिने घोड्यावर कोण लादून फिरेल?

१०/
कडा चढताना तर प्रश्नच मिटतो. फेब्रुवारी १६७० मध्ये सिंहगडाची मोहीम झाली. सभासदाच्या म्हणण्याप्रमाणे तानाजींनी ५०० मावळे निवडले. त्यातले ३०० शिडीने वर पोचले. लोकपरंपरेत याच रात्री कुडपणचे शेलारमामा उभे राहतात. त्या कड्यावर जे गेले, ते अंगावरच्या शस्त्रांनिशी.

११/
पुढे बाजीरावाने हीच रीत थोरल्या प्रमाणावर चालवली. १७२८ साली निजामाला त्याच्यामागे धावण्यासाठी जड तोफखाना मागे सोडावा लागला, आणि पालखेडला तो पाण्याविना कोंडला गेला.

१२/
मग १७६०. सदाशिवरावभाऊ उत्तरेस निघाले तेव्हा सोबत इब्राहिमखान गारद्याच्या जड तोफा, सरदारांचे कुटुंबकबिले, बाजारबुणगे आणि तीर्थयात्रेसाठी आलेली माणसे. दोष एकट्या भाऊंचा नव्हे. मराठी सत्ता तोवर साम्राज्य झाली होती, आणि साम्राज्याला थाट हवासा वाटतो. भरतपूरच्या सूरजमल जाटाने सुचवले होते: बायकामुले आणि जड सामान मागे सुरक्षित जागी ठेवा, सडे होऊन गनिमी पद्धतीने लढा. सल्ला मानला गेला नाही.

१३/
नोव्हेंबरपासून पानिपतावर कोंडी झाली. लढणाऱ्यांइतकीच न लढणारी तोंडेही खाणारी होती; दाणावैरण संपली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौज रणात उतरली. त्यातून जे वाचले, ते दक्षिणेकडे पळताना त्याच सूरजमलच्या मुलुखात पोचले. त्याने त्यांना अन्न दिले, आणि अंगावर घालायला कपडेही.