‘प्लँटर’ : एका आगबोटीची चाकरी

अमेरिकेतली यादवी १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं चालली. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेतली राज्यं संघराज्यातून फुटून निघाली, आणि उत्तरेच्या आरमाराने त्यांची बंदरं रोखून धरली. या युद्धात राबलेल्या एका साध्या लाकडी आगबोटीची हकीकत आज सांगायची आहे. बोटीचं नाव ‘प्लँटर’, म्हणजे मळ्यांचा धनी. गुलामांना राबवणारे ते हेच धनी.

ही बोट १८६० साली दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन बंदरात बांधली गेली. लांबी १४७ फूट, दोन्ही बाजूंना पाणी कापणारी मोठी चाकं, जळण लाकडाचं. चार फुटांहून कमी पाणी तिला पुरे होई. त्यामुळे अरुंद खाड्यांतूनही ती सहज हिंडे. युद्ध पेटल्यावर दक्षिणेच्या सैन्याने तिच्यावर दोन तोफा चढवल्या आणि दारूगोळा वाहण्याच्या कामाला जुंपलं.

बोटीवर गोरे अधिकारी तीन. राबणारे खलाशी मात्र बहुतेक गुलाम. सुकाणू धरी रॉबर्ट स्मॉल्स नावाचा तेवीस वर्षांचा गुलाम. मजुरीतला वाटाही त्याला मालकाला द्यावा लागे. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण बंदरात पाणी कुठे खोल, कुठे उथळ, कोणत्या किल्ल्यापुढे शिट्टी कशी द्यायची, हे त्याला तोंडपाठ होतं. मालकांना त्याचे हात हवे होते. त्या हातांबरोबर डोकंही येतं, हे त्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं.

१२ मे १८६२ च्या रात्री तिघेही अधिकारी हुकूम मोडून किनाऱ्यावर झोपायला गेले. पहाटेच्या अंधारात स्मॉल्सने बोट सोडली. दुसऱ्या धक्क्यावरून आपली बायकामुलं आणि सोबत्यांची माणसं घेतली. कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवून तो सुकाणूपाशी उभा राहिला. सम्टर किल्ल्यासमोर ठरलेली शिट्टी दिली. पहारेकऱ्यांना वाटलं, नेहमीचीच बोट! तोफांच्या पल्ल्याबाहेर पडताच निशाण उतरलं आणि पांढरी चादर वर चढली. उत्तरेचं ‘ऑनवर्ड’ जहाज मारा करण्याच्या बेतात होतं. चादर दिसली म्हणून थांबलं. बोटीवरचे सोळा जीव वाचले, स्वतंत्र झाले.

स्मॉल्सने नुसती बोट आणली नाही बरं का! स्वतःच्या दोन तोफांखेरीज किल्ल्याकडे न्यायच्या आणखी चार तोफा तिच्यावर होत्या. त्याहून मोलाची होती त्याच्याजवळची माहिती. दक्षिणेने कोल्स बेटावरच्या तोफा हलवल्या आहेत, हे त्याने सांगितलं. आणि आठवड्याभरात उत्तरेच्या गनबोटी स्टोनो नदीत शिरल्या.

पुढे ‘प्लँटर’ उत्तरेच्या चाकरीत राहिली. आरमाराजवळ लाकडाचं जळण अपुरं, म्हणून तिला लष्कराकडे सोपवलं गेलं. १८६३ च्या अखेरीस ती तोफांच्या माऱ्यात सापडली, तेव्हा स्मॉल्सने सूत्रं हाती घेऊन तिला बाहेर काढलं. मग तोच तिचा कप्तान झाला. १८६४ साली बोट दुरुस्तीसाठी फिलाडेल्फियात असताना हा कप्तान अक्षरं गिरवायला बसला! आणि १४ एप्रिल १८६५ रोजी सम्टर किल्ल्यावर संघराज्याचं निशाण पुन्हा चढलं, तेव्हा ‘प्लँटर’ गुलामीतून सुटलेल्या माणसांनी भरून तिथे आली.

युद्धानंतर बोट विकली गेली. मार्च १८७६ मध्ये रुतलेल्या एका जहाजाला सोडवताना तीच फुटून निकामी झाली. स्मॉल्स मात्र १८६८ च्या राज्यघटना परिषदेत बसला, सर्व मुलांना मोफत शाळा मिळाव्यात म्हणून झटला, आणि १८७५ पासून अमेरिकेच्या लोकसभेसारख्या प्रतिनिधिगृहात अनेक वर्षं निवडून गेला. ज्या मालकाच्या घरामागे तो जन्मला, ते घरही त्याने विकत घेतलं. १९१५ साली तो वारला.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केलं. शिक्षकबंधूंनी वर्गात त्या अर्पणपत्रिकेबद्दल बोलताना ‘प्लँटर’ची गोष्टही जरूर सांगावी. गुलामांना कुणी सोडवलं, असं मुलं विचारतील. त्यांना सांगावं, की सोडवणाऱ्यांत स्वतः गुलामही होते.