उंबरठा नसलेली माणसे

दिवाळीची पहिली पणती माझी आई उंबरठ्यावर ठेवीत असे. दुसरी तुळशीपाशी, तिसरी गोठ्यात आणि उरलेल्या विहिरीच्या काठावर. हा क्रम तिने कधी मोडला नाही, आणि तो असाच का, हे आम्ही कधी विचारले नाही. ज्याला उंबरठाच नाही, त्याने पहिली पणती कुठे ठेवावी, हा प्रश्न मला तिशीला येईपर्यंत शिवला नव्हता. तो पडला एका सरकारी कामामुळे. ती हकीकत आधी सांगतो. कारण पुढचा इतिहास मी तिच्यामुळेच शोधला.

२०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. घरोघरची मोजणी झाली आणि शेवटची रात्र उरली, ती २८ फेब्रुवारीची. ती रात्र बेघरांसाठी राखून ठेवलेली असते. फलाटावर, देवळाच्या ओसरीत, पुलाखाली, पाण्याच्या मोठ्या नळात जी माणसे झोपतात, त्यांना जिथे सापडतील तिथे गाठून लिहून घ्यायचे. बेघर माणूस दिवसा कामावर असतो. तो बेघर आहे हे कळते ते रात्रीच.

गोंदियाच्या स्टेशनाबाहेर बंद दुकानांच्या पायऱ्यांवर एक कुटुंब निजले होते. मी बॅटरीचा झोत टाकला, तर पांघरुणातून डोके वर निघाले ते माझ्याच वर्गातल्या एका मुलाचे. आठवडाभरापूर्वी चुरगळलेला, मळका सदरा घालून आल्याबद्दल मी त्याला तासभर वर्गाबाहेर उभे केले होते. त्याने तोंड लपवले नाही. उठून माझ्या हातातली बॅटरी घेतली आणि मला लिहिता यावे म्हणून कागदावर उजेड धरला. त्याची आई नावे सांगू लागली. धानाची कापणी संपल्यावर गावात काम उरले नव्हते, आता वीटभट्टीवर जायचे होते, मुकादमाचा निरोप यायचा होता. सारे सांगून झाल्यावर तिने विचारले, “पण गुरुजी, आमचं नाव लिहून का होईल?”

मला उत्तर देता आले नाही. मी ‘येतो’ म्हणून निघालो.

नाव लिहून काय होते? आमच्याच मुलखात शंभराहून अधिक वर्षांमागे असेच एकदा लिहिले गेले होते. त्या वेळी गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता. वेगळा जिल्हा झाला तो १९९९ मध्ये. हा तलावांचा मुलूख. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला असे सांगतात, आणि गावोगावच्या कोहळ्यांनी असे शेकडो तलाव खोदून धान पिकवले. पण तलाव भरायला पाऊस पडावा लागतो. १८९६-९७ मध्ये दुष्काळ पडला. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९ मध्ये पावसाने पुन्हा पाठ फिरवली. संवत १९५६ चा म्हणून तो छप्पन्नचा दुष्काळ. घरे सोडून माणसे रस्त्याला लागली. सरकारने दुष्काळी कामे काढली, अन्नछत्रे उघडली, निराधारांसाठी गरीबखाने काढले. गरीबखान्यात जायची मात्र लोकांना लाज वाटे; जातीचा धाक आणि अब्रूची भीती भुकेपेक्षा मोठी होती.

मग १ मार्च १९०१ ची रात्र आली. पटवारी, शाळामास्तर असे लोक कंदील घेऊन बाहेर पडले आणि एकाच रात्री सारा देश मोजला गेला. १८९१ मध्ये भंडारा जिल्ह्यात सुमारे ७ लाख ४३ हजार माणसे होती. दहा वर्षांनी भरली सुमारे ६ लाख ६३ हजार. ऐंशी हजार माणसे कमी! काही मेली, काही परागंदा झाली. त्यांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत. पण ती नव्हती असे मात्र कुणालाच म्हणता येत नाही. कुण्या कंदीलवाल्या मास्तराने ते आकडे लिहून ठेवले म्हणून आपल्याला ते कळतात.

पण आकडा सरकारला कळतो, शेजाऱ्याला नव्हे. शेजाऱ्याला जागे करण्याचे काम वऱ्हाडातल्या एका निरक्षर माणसाने केले. डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचे नाव. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. १८७६ मध्ये शेंडगावी जन्म, १९०५ मध्ये घर सोडले. हातात खराटा आणि डोक्यावर फुटके गाडगे. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. ते विचारायचे, लोकांनी उत्तर द्यायचे, आणि उत्तर देता देताच लोकांना स्वतःची लाज वाटू लागायची. गोरगरिबांना देव मानायला त्यांनी शिकवले. त्यांच्या दहा कलमी संदेशात भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी आहे, तसाच बेघराला आसराही आहे. तो नुसता बोलण्यापुरता नव्हता. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत इस्पितळात आलेल्या परगावच्या रोग्यांच्या नातलगांचीही सोय केली. आणि ज्याने हजारोंना छप्पर दिले, त्याने स्वतःसाठी एक झोपडीसुद्धा बांधली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, प्रवासातच त्यांनी देह ठेवला.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, मुंबई राज्यात भीक प्रतिबंधक कायदा झाला. पोटापाण्याचे उघड साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही त्या कायद्याने भिकाऱ्यांत धरला जाऊ शकतो. बाबांनी ज्याला देव म्हटले, त्याला कायद्याने संशयित ठरवले! माझ्या शाळेतही काय निराळे घडले होते? मळका सदरा मला दिसला होता, तो कुठे धुवायचा हा प्रश्न दिसला नव्हता.

२०११ च्या त्या मोजणीत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर निघाले. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांहून अधिक. खेड्यांतले घटले, शहरांतले वाढले. जाणकार म्हणतात, खरे आकडे याहून मोठे असावेत. एका रात्रीत अंधारातली सगळी माणसे सापडत नाहीत. थंडीने माणसे दगावू लागली तेव्हा, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने रात्रनिवाऱ्यांचे आदेश दिले. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात तर मापच ठरले, की दर लाख वस्तीमागे बारमाही निवारा हवा. हे माप लावायला आधी मोजलेली माणसे लागतात. त्या माउलीला द्यायचे उत्तर मला इतक्या उशिरा सापडले. नाव लिहिल्याने घर मिळत नाही, पण नाव लिहिले नाही तर घर मागायलाही कुणी उरत नाही.

ते उत्तर तिला देता आले नाही. दुसऱ्या सोमवारी मुलगा शाळेत आला नाही. बहुधा निरोप आला असावा. हजेरीपटात त्याच्या नावापुढे महिनाभर मी गैरहजेरी मांडत राहिलो. नाव मात्र खोडले नाही.

२०२१ ची जनगणना लांबली. आता १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिवस जाहीर झाला आहे. पण त्यासाठी प्रगणक व्हावे लागत नाही. वाचकहो, फराळाची ताटे आवरली की एखाद्या रात्री आपल्या गावच्या स्टेशनापर्यंत, बसस्थानकापर्यंत चालत जा. कोण कुठे निजले आहे ते पाहा, दोन शब्द बोला, आणि सकाळी नगरपरिषदेत जाऊन विचारा, की आपल्या गावात निवारा कुठे आहे, किती खाटांचा आहे, आणि त्याची वाट या लोकांना कुणी सांगितली आहे का.

आमच्या घरी पहिली पणती आजही उंबरठ्यावरच लागते. एक मात्र मी हातात घेऊन बाहेर पडतो.