मुखी नाम, हाती काम

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी दरवर्षी काही ना काही लिहावे, असा संपादक मंडळाचा प्रेमळ आग्रह असतो. यंदा विषयही त्यांनीच सुचविला : रोजच्या जीवनातील ईश्वरस्तुती. मी कीर्तनकार नव्हे, की संतवाङ्मयाचा अधिकारी अभ्यासकही नव्हे. नोकरीच्या निमित्ताने पंजाबात आलो आणि इथलाच झालो, एवढीच माझी ओळख. तेव्हा प्रवचन न करता थोडा इतिहास सांगतो. हा इतिहास आपल्या मंडपापासूनच सुरू होतो.

गणपतीची आरती संपली की आपण टाळ्या वाजवीत, स्वतःभोवती फिरत ‘घालीन लोटांगण’ म्हणतो. ही एकसलग रचना आहे, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तिच्यात वेगवेगळ्या काळातील कडवी एकत्र आली आहेत. पहिले कडवे मराठी असून ते संत नामदेवांचे मानले जाते. पुढची संस्कृत आहेत आणि त्यांतील एक थेट भागवतातून आले आहे. विठ्ठलाची ‘युगे अठ्ठावीस’ ही आरतीही नामदेवांचीच. म्हणजे गणपतीच्या दहा दिवसांत रोज दोन वेळा आपण नामदेवांचे शब्द म्हणत असतो. आणि ज्या भूमीवर उभे राहून आपण ते म्हणतो, त्या भूमीशीही नामदेवांचे नाते सातशे वर्षांचे आहे!

शिंपी कुळात जन्मलेल्या नामदेवांचा काळ इ. स. १२७० ते १३५० असा सांगितला जातो. ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर ते उत्तरेत आले आणि आयुष्याचा मोठा काळ पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे राहिले, असे परंपरा सांगते. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात ‘भगत नामदेवजीं’ची पदे आली. आज गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. मराठी नामदेव आणि पंजाबी नामदेव एकच की दोन, यावर काही अभ्यासकांनी वाद घातला आहे. पण लोकांच्या मनात हा प्रश्न कधी उठला नाही. आमच्या कचेरीतील एका शीख सहकाऱ्याने मला पहिल्याच आठवड्यात विचारले होते, “तुम्ही म्हणजे बाबा नामदेवांच्या मुलखातले ना?” परक्या गावी यापेक्षा मोठे ओळखपत्र कोणते असणार?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ग्रंथसाहिबातील कबीरांच्या साख्यांमध्ये नामदेव आणि त्रिलोचन यांचा एक संवाद आहे. हे त्रिलोचनही मूळचे सोलापूरकडील बार्शीचे, असे शीख परंपरा मानते. ते मित्राला विचारतात की, बाबा रे, तू कापडावर छपाई करीत बसला आहेस, मग रामाकडे चित्त कधी लावणार? नामदेवांचे उत्तर सरळ आहे. मुखाने रामाला आठवावे, हातापायांनी सगळी कामे करावीत आणि चित्त मात्र त्या निरंजनापाशी ठेवावे.

नामदेवांच्या स्वतःच्या एका पदात हाच विचार दाखल्यांनी आला आहे. पतंग उडविणारा मुलगा सवंगड्यांशी गप्पा मारतो, पण त्याचे लक्ष दोरीवर असते. पाणी भरून निघालेल्या मुली हसतात, थट्टा करतात, पण ध्यान घागरीवर असते. पाच कोस दूर चरणाऱ्या गाईचा जीव वासरापाशी असतो. आई घरातली नाना कामे करते, पण मन पाळण्यातल्या बाळाकडे असते. यातला एकही दाखला देवळातला नाही, हे ध्यानात घ्यावे. सगळे अंगणातले, पाणवठ्यावरचे, रानातले आणि घरातले आहेत.

असे का झाले असावे? माझ्या मते याला इतिहासातच कारण आहे. यज्ञयाग आणि अनुष्ठाने यांना पैसा लागे, संस्कृत लागे, पुरोहित लागे आणि सवड लागे. कष्टकऱ्याजवळ यांपैकी काहीच नव्हते. अनेकांना तर देवळाचे दारही बंद होते. चोखोबांना विठ्ठलाच्या राउळात पाऊल टाकता आले नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून त्यांचा अंत झाला आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या. ढिगाऱ्यातून त्या ओळखायच्या कशा, तर ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येईल त्या चोखोबांच्या, अशी कथा आहे. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. पंढरपूरचे ते मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. ज्यांना देवापुढे उभे राहता येत नव्हते, त्यांनी देवाचे गुण आपल्या कामाच्या जागी गायिले. सावता माळ्यांनी अरणच्या मळ्यात, गोरोबांनी तेरच्या आव्यापाशी, जनाबाईंनी जात्यावर. ही केवळ सोय नव्हती. देव कोणाच्या मालकीचा नाही, हे सांगण्याची ती एक रीत होती.

आदिग्रंथातही असाच मेळा दिसतो. विणकर कबीर, चर्मकार रविदास, जाट शेतकरी धन्ना, छपाईवाले नामदेव. न्हाव्याचा व्यवसाय करणाऱ्या संत सेना यांचेही एक पद त्यात आहे. उत्तर आणि दक्षिण, दोन्हीकडे स्तुती कामाच्या जागीच रुजली.

मराठी माणूस दूर गेला तेव्हाही हीच शिदोरी त्याच्यासोबत होती. तंजावरला भोसल्यांचे राज्य सतराव्या शतकात आले आणि १८५५ साली खालसा झाले. राज्य गेले, पण मराठी कीर्तन तिथे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतरांनी त्या कीर्तनाला कर्नाटक संगीताची जोड दिली आणि दक्षिणेतील हरिकथा घडली. तिच्यात साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद आजही वावरतात. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारचे सरदार होते. म्हणजे घरापासून दूर असलेल्या माणसांनी ही परंपरा नुसती सांभाळली नाही, तर वाढवलीसुद्धा.

मग आपले काय? हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. घरोघरी जाते होते तोवर पहाटे ओवी होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. विठ्ठल-रखुमाईपासून सासर-माहेरापर्यंत सारे त्यांत आहे. पुढे पिठाची गिरणी आली, बाईच्या खांद्यावरचे ओझे उतरले, ते फार चांगले झाले. पण कामाशी बांधलेले गाणे कामाबरोबर गेले. त्याची जागा कॅसेटने घेतली, मग सीडीने, आता मोबाइलने. यंत्र आपल्या वतीने देवाची स्तुती करते आणि आपण ऐकत उभे राहतो.

दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडपात ऐन आरतीच्या वेळी वीज गेली, हे अनेकांना आठवत असेल. ध्वनिक्षेपक बंद पडला. पहिले कडवे सर्वांनी दणक्यात म्हटले, दुसऱ्याला आवाज निम्मे झाले आणि तिसऱ्यापर्यंत फक्त आजी-आजोबाच उरले. मुले टाळ्या वाजवीत होती, पण ओठ मिटलेले होते. यात मुलांचा काय दोष? ती इथल्या शाळांत हिंदी, पंजाबी, इंग्रजी शिकतात. मराठी शब्द त्यांच्या कानावर पडायची जागा म्हणजे घर, आणि घरात संध्याकाळचा दिवा लावताना किती जण मोठ्याने काही म्हणतात?

इथल्या गुरुद्वाऱ्यात मी एक गोष्ट पाहिली आहे. लंगरमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बायका मुखाने नाम घेत असतात, जोडे सांभाळणारा म्हातारा तेच करीत असतो. त्यासाठी कोणी वेगळा वेळ काढलेला नसतो. नामदेवांनी त्रिलोचनांना दिलेले उत्तर तिथे रोज अमलात येते. आपलेच धन शेजाऱ्याने जपून ठेवले आहे!

२०१५ च्या एप्रिलमध्ये घुमानला ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपल्यापैकी काही जण गेले होते. पंजाबी गावकऱ्यांनी मराठी पाहुण्यांना घरची माणसे मानून घेतले. त्या स्वागताचे धनी खरे तर नामदेव होते. आपण वारस म्हणून ते स्वीकारले. वारसाने काही तरी सांभाळायलाही हवे.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. यंदा एक दिवसाची आरती ध्वनिमुद्रणाशिवाय, नुसत्या टाळ-मृदंगावर आणि आपल्या गळ्यावर व्हावी. त्याआधी आठवडाभर मुलांना तिचा अर्थ सांगावा. आणि दुसरी सूचना प्रत्येक घरासाठी. पोळ्या करताना, स्कूटर पुसताना, मुलांची दप्तरे भरताना एक अभंग मोठ्याने म्हणावा. सूर लागला नाही तरी चालेल. मुले ऐकतात आणि ऐकलेले त्यांच्या ओठांवर कधी ना कधी येतेच.

दहा दिवसांनी मूर्तीचे विसर्जन होते. स्तुतीचे होऊ नये, एवढेच श्रीचरणी मागणे.

गणपती बाप्पा मोरया!